लटारूभाऊंचा कबुलीजबाब

लटारू गुरनुले यांनी अठ्ठावीस हिवाळे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर दुष्टपणा केला. दिवाळी झाली की ते वडशाला नाटक कंपनीत दाखल व्हायचे आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत कुणाची शेती लाटायचे, कुणाच्या बहिणीचं लग्न मोडायचे, म्हाताऱ्या आईला भर पावसात घराबाहेर काढायचे. हे सगळं ते इतकं मन लावून करायचे की एका गावात पहिल्या रांगेतल्या बाईनं त्यांना चप्पल फेकून मारली. लटारूभाऊंनी ती चप्पल परत दिली नाही. बक्षीस म्हणून घरी आणली.

मग गुडघे गेले. रात्रभर उभं राहून हसणं जमेना. कंपनीनं ब्रह्मपुरीकडचा एक तरुण खलनायक घेतला आणि लटारूभाऊ आरमोरीला घरी येऊन बसले. घरी म्हणजे बायकोच्या दुकानात, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

दुकान भागीरथाबाईंचं होतं, हे आरमोरीत सगळ्यांना माहीत होतं. बाजाराच्या रस्त्यावर एका खोलीत एक चक्की, एक मिरची कुटायचं यंत्र, हळदीची पोती आणि भिवापुरी मिरचीचे ढीग. नवरा गावोगाव लोकांची घरं उद्ध्वस्त करत फिरत असताना त्यांनी या खोलीच्या जोरावर स्वतःचं घर चालवलं होतं, मुलीला शिकवलं होतं. उन्हाळा तोंडावर आला की बायका मिरच्या खुडून, वाळवून घेऊन यायच्या आणि वर्षाचं तिखट कुटून न्यायच्या. ज्यांना तेवढी सवड नव्हती त्या भागीरथाबाईंचं तयार तिखट न्यायच्या. पण दोन-तीन वर्षांपासून गिऱ्हाईक पातळ झालं होतं. सुना पाकिटं आणायच्या. त्यात दारात लटारूभाऊ. कुणी विचारलं, "भाऊ, तिखट जहाल आहे का?" तर ते डोळे बारीक करून, एकेक शब्द चावत म्हणायचे, "घेऊन तं पाहा." बायका न घेताच निघून जायच्या.

त्यांची मुलगी दिव्यानी नागपूरला एका शिकवणीवर्गाच्या कार्यालयात कामाला होती. तिथं जाहिरातीचे व्हिडिओ तीच करायची. वर्ग बंद पडला तशी ती फेब्रुवारीत घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, आपल्या दुकानाचे व्हिडिओ काढू."

"कोनाचे?"

"तुझे. तूच बोलजो. तुझ्यासारखं बोलनारं बाजारात कोन आहे?"

ते खरं होतं. रस्त्याच्या पलीकडच्या भाजीवाल्याशी भागीरथाबाई यंत्र चालू असताना भांडू शकायच्या, आणि जिंकायच्या. त्या दिवशी त्या लग्नातली साडी नेसून आल्या. दिव्यानीनं मोबाइल वर धरला. भागीरथाबाईंचे दोन्ही हात खाली सरळ गेले, मान ताठ झाली, नजर छताच्या खाली आणि मोबाइलच्या वर कुठंतरी अडकली.

"नमस्कार. माझे नाव भागीरथा लटारू गुरनुले. मी इयत्ता..." आणि त्या थांबल्या.

"आई, इयत्ता कायले?"

"तोंडातून निंगून गेलं."

सात वेळा प्रयत्न झाला. खरं वातावरण दिसावं म्हणून दिव्यानीनं यंत्र सुरू केलं, तर आवाजात काही ऐकू येईना आणि मिरचीच्या धुराळ्यानं दोघी शिंकायला लागल्या. शेवटी जो व्हिडिओ टाकला त्यात भागीरथाबाई आपलं नाव सांगतात, दुकानाचं नाव सांगतात आणि मग कुणीतरी मेल्याची बातमी द्यावी तशा म्हणतात, "आमच्याकडे तिखट मिळेल." तो एक्केचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या निम्म्या वेळा दिव्यानीनंच पाहिला होता.

खुर्चीवर बसलेल्या लटारूभाऊंना हे सगळं बघवत नव्हतं.

"आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पायजे," ते म्हणाले.

"बाबा, रांग नाई. मोबाइल आहे."

"मोबाइलच्या मागं कोन आहे?"

"मी."

"अन् तुह्या मागं?"

"भिंत."

"तं भिंतीपर्यंत तं जाऊ दे!"

आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मूठभर लाल मिरच्या उचलल्या. दिव्यानीनं मोबाइल फिरवला, कारण वडील उठून उभे राहिले की आपोआप बघावंसं वाटायचं. त्यांनी मूठ आवळली. मिरच्यांचा कडकड आवाज झाला. मग थेट मोबाइलच्या डोळ्यात बघत ते हळूच म्हणाले, "पळ. पळून पळून कुठी जाशील? सांजच्याले तुह्या भाजीत मीच येईन!" आणि हसले. ते हसणं पोटातून निघून, घशात दोन वळसे घेऊन बाहेर पडायचं. समोरच्या भाजीवाल्यानं टोपली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा असा सगळीकडे फिरला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं. "हा तोच, ज्यानं भावजयले विष देल्लं होतं." "भाऊ, तुमच्यापायी माही आजी दोन दिवस जेवली नव्हती." "अजून जित्ता आहे का हा?" लटारूभाऊ चष्मा लावून एकेक शिवी मोठ्यानं वाचत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"ओळखलं मले," ते म्हणाले. "सारे ओळखून राह्यले."

लोक दुकानात यायला लागले. चामोर्शीकडून एक म्हातारी बस बदलून आली, लटारूभाऊंसमोर उभी राहिली आणि त्यांनी कुठल्याशा नाटकात सख्ख्या भावाला कोर्टात कसं खेचलं यावरून तिनं त्यांना पाच मिनिटं झाडलं. लटारूभाऊंनी हात जोडून ऐकून घेतलं. जाताना म्हातारीनं दोन किलो तिखट नेलं. लटारूभाऊंनी मिशांना रंग लावला.

भागीरथाबाईंनी आठ दिवस हे पाहिलं. नवव्या दिवशी त्यांनी यंत्र बंद केलं आणि मुलीला बोलावलं.

"मिरची कोन आनते? मी. खुडते कोन? मी. कुटते कोन? मी. अन् लोकं येऊन इचारून राह्यले, खलनायक कुठी आहे म्हनून. हे दुकान माहं आहे का तुह्या बापाच्या नाटकाचा मंडप?"

दिव्यानीला ते पटलं. तिनं विचार करून एक छोटं नाटुकलं लिहिलं, म्हणजे दोघंही दिसतील. त्यात दुकानात शिरलेला दुष्ट माणूस तिखटात विटांचा भुगा मिसळत असतो. मालकीण त्याला रंगेहाथ पकडते. तो कबूल करतो. ती म्हणते, "आमच्या दुकानात भेसळीला जागा नाही." संपलं. पाऊण मिनिटाचं काम.

भागीरथाबाईंना ते एक वाक्य सहा वेळा जमलं नाही. शेवटी दिव्यानी म्हणाली, "आई, तू बोलूच नको. फक्त झाडू उचल." झाडू उचलणं त्यांना पहिल्याच वेळी जमलं. उलट लटारूभाऊंना आवरणं कठीण झालं. लिहिलेला कबुलीजबाब होता, "होय, मीच भुगा मिसळला." लटारूभाऊ म्हणाले, यात काही दम नाही. त्यांनी कॉलर सैल केली, भिंतीला टेकले आणि सुरू झाले.

"होय! होय! मीच मिसळला विटायचा भुगा! एक दिवस नाई, एक साल नाई, अठ्ठावीस साल! साऱ्या आरमोरीनं खाल्ला! लेकरायनं खाल्ला, म्हाताऱ्यायनं खाल्ला, अन् कोनाले कळलं नाई! हा हा हा!"

यानंतर झाडू उचललेल्या भागीरथाबाई, पळणारे लटारूभाऊ आणि पडद्यावर दिव्यानीनं टाकलेलं वाक्य. लोकांना फार आवडलं. भागीरथाबाईंचा झाडू बघून वडशाच्या दोन बायकांनी त्यांना फोन करून शाबासकी दिली.

चार दिवसांनी कुणीतरी त्या व्हिडिओचा फक्त मधला तुकडा कापला. झाडू नाही, पळणं नाही, वाक्य नाही. वीस सेकंदांचे नुसते लटारूभाऊ. वर लिहिलं होतं, "आरमोरीच्या दुकानदाराची कबुली. आपल्या माणसांना सावध करा." आणि लोकांनी आपल्या माणसांना सावध केलं. महिला मंडळाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर.

सकाळी सगळ्यांत आधी केसरबाई आल्या. चार घरं सोडून राहायच्या आणि वीस वर्षांपासून इथलंच तिखट न्यायच्या. त्यांनी स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला.

"हे वापस घ्या, भागीरथाबाई."

"काऊन? का झालं?"

"नातवाचं पोट दुखून राह्यलं."

"केसरबाई, ते नाटक होतं. तुमी वीस सालापासून पाहून राह्यल्या मले."

"तुमाले पाह्यलं न. पन भाऊनं सोतानं सांगतलं, अठ्ठावीस साल म्हनून." केसरबाईंनी खुर्चीकडे बघितलं. "अन् किती खुशीनं सांगतलं!"

दुपारपर्यंत अकरा डबे परत आले. दिव्यानीनं घाईघाईनं खुलाशाचा व्हिडिओ टाकला. तो कुणी पुढं पाठवला नाही. लटारूभाऊ दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणंही एखादा कट शिजवत असल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी गडचिरोलीहून अन्न निरीक्षक आल्या. संघप्रिया खोब्रागडे असं त्यांचं नाव. तिशीतल्या, शांत, हातात फाइल. सोबत एक मदतनीस. तक्रार आली होती आणि त्या नियमाप्रमाणे नमुना घ्यायला आल्या होत्या.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

लटारूभाऊ उठले. निरपराध माणसानं कसं बोलावं याची त्यांना अठ्ठावीस वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

"मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले आणि एक भुवई आपोआप वर गेली, "मी निर्दोष आहे."

संघप्रिया मॅडम एक पाऊल मागं सरकल्या.

"या दुकानात," लटारूभाऊ हात फिरवत म्हणाले, "तुमाले काहीच सापडनार नाई. काहीच!"

"बाबा, चूप राहा न!" दिव्यानी कळवळली.

"पाहा, शोधा! कोपरा न् कोपरा शोधा!" आणि घाबरल्यामुळं त्यांना हसू आलं. तेच हसू.

मदतनीसानं पोत्यांमागं वाकून बघायला सुरुवात केली. तेव्हा भागीरथाबाई यंत्रामागून पुढं आल्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि तोंडासमोर बोट धरलं.

"मालकीण मी आहो, मॅडम. हे पोतं भिवापुरी मिरचीचं, हे कुटलेलं तिखट, हे हळद. तुमाले जिथलं पायजे तिथलं घ्या. सारं घ्या."

मॅडमनी तिखटाचे नमुने घेतले, बाटल्यांना सील लावलं, सह्या घेतल्या. दिव्यानीनं पूर्ण व्हिडिओ दाखवला तोही त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. झाडूच्या वेळी त्यांचा ओठ जरासा हलला. पण त्या म्हणाल्या, "मला पटून उपयोग नाही. अहवाल यायला पंधरा दिवस लागतील. तोवर तुम्ही दुकान चालवू शकता."

चालवणार कुणासाठी? मिरचीचे दिवस भरात आले होते आणि यंत्र थंड पडलं होतं. संध्याकाळी लटारूभाऊ बायकोला म्हणाले, "तुह्या दुकानाचं मी वाटोळं केलं." ते इतकं साधं बोलले की भागीरथाबाईंनी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

"झोपा आता," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसाची तं गोष्ट आहे."

पण लटारूभाऊंना पंधरा दिवस धीर धरवणार नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी ते कुणालाही न सांगता उठले. एका पिशवीत दुकानातलं तिखट, डब्यात भात, ताट आणि चमचा घेतला आणि लंगडत बाजारात गेले. कांदेवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक मोकळी पेटी होती, तिच्यावर बसले. ताटात भात काढला. भातावर तिखट. मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "आरमोरीकरहो! यात विटायचा भुगा असन तं मी तुमच्यासमोर मरून जाईन! पाहा!"

आणि त्यांनी पहिला घास घेतला.

बाजार गोळा झाला. मोबाइल वर झाले. दुसरा घास घेतला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चौथ्याला त्यांनी छातीवर हात ठेवला.

"वा! काय ॲक्टिंग करते बुढा!" कुणीतरी म्हणालं.

"अशी रडाची ॲक्टिंग आताच्या पोट्ट्यायले नाई जमत."

लटारूभाऊंनी पाण्यासाठी हात पुढं केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी तोंड उघडून बोट आत दाखवलं. टाळ्या वाढल्या. ते पेटीवरून अर्धे घसरले तेव्हा मागून शिट्टी आली.

भाजीवाल्यानं पळत येऊन सांगितलं तेव्हा दिव्यानी आणि भागीरथाबाई दोघी धावल्या. गर्दीच्या कडेला दिव्यानीही क्षणभर थबकली, तिलाही कळेना. भागीरथाबाईंना कळायला वेळ लागला नाही. नवऱ्याचा डावा कान लाल झाला होता. तो नाटकात लाल होत नाही.

"सरका! सरका म्हनते न!" त्या गर्दीत घुसल्या. वाटेत एका ताकवाल्याची चरवीच उचलली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावली. ते गटागटा प्यायले. मग तिथंच पदर खोचून त्या गर्दीकडे वळल्या.

"टाळ्या वाजवून राह्यले? लाजा नाई वाटत? ॲक्टिंग वाटली का तुमाले? मी तीस सालापासून याले जेवाले वाढून राह्यली. घरी याच्यासाठी वरन येगळं काढा लागते, बिनतिखटाचं! ठेच्याचा वास आला तं हे मानूस अंगनात जाऊन बसते! तिखट कुटनारीचा नवरा, अन् हिरवी मिरची पोह्यातून येचून फेकते!"

कुणीतरी हसलं. त्यांनी तिकडे बोट केलं.

"हासू नको, मिथुन. तुह्या लग्नाचं सारं तिखट मी देल्लं होतं. मेलं का कोनी पंगतीत? अन् केसरबाई, इकडं पाहा. लपू नका कांद्याच्या मागं. नातवानं त्या दिवशी सकाळी का खाल्लं होतं?"

केसरबाई कांद्यांच्या ढिगामागून हळूच म्हणाल्या, "बोरं."

"किती?"

"टोपलंभर."

आता सगळा बाजार हसला. भागीरथाबाई थांबल्या नाहीत. "माह्यावर इस्वास नाई तं नका ठेवू. उद्यापासून आपापली मिरची घरून आना. यंत्राजवळ उभं राहा, डोये लावून पाहा. कुटते अन् तुमच्याच डब्यात टाकते. माही मिरची घेऊ नका, पन माह्या मानसाले असं तिखट चारू नका!"

त्यांनी नवऱ्याला उठवलं. एका बाजूनं दिव्यानी, एका बाजूनं त्या. लटारूभाऊंना बोलता येत नव्हतं, पण चालताना ते बायकोकडे वळून वळून बघत होते. घरी पोचल्यावर, गुळाचा खडा चघळत, सुजलेल्या जिभेनं ते म्हणाले, "भागीरथे, आवाज तुहा... मागच्या रांगेपर्यंत गेला."

"चूप बसा."

बाजारातल्या पन्नासेक मोबाइलांवर ते सगळं उतरलं होतं. दिव्यानीला काही टाकावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता केसरबाई मिरच्यांचं गाठोडं घेऊन दारात उभ्या होत्या. त्या यंत्राजवळ उभ्या राहिल्या, डोळे लावून बघायला गेल्या आणि शिंकत शिंकत बाहेर पळाल्या. जाताना त्यांनी आपला स्टीलचा डबाही मागून घेतला. त्यांच्या मागून बाकीच्या आल्या. होळीच्या आठवड्यात रांग रस्त्यापर्यंत गेली.

अहवाल सतराव्या दिवशी आला. संघप्रिया मॅडमनी फोन करून सांगितलं, नमुने शुद्ध आहेत, कागद टपालानं येईल. मग त्या म्हणाल्या की त्यांच्या आईला अर्धा किलो पाहिजे, पण ते आता लगेच नेणं बरं दिसणार नाही, सहा महिन्यांनी नेतील.

अहवाल हातात धरून व्हिडिओ करावा असं दिव्यानीच्या मनात होतं. लटारूभाऊंनी तो वाचून बघितला. "शुद्ध" हा शब्द त्यांनी तीन प्रकारे म्हटला. तिन्ही वेळा धमकी वाटली. कागद गुपचूप चौकटीत घालून भिंतीवर लावला गेला. व्हिडिओ आता दिव्यानी काढते ते आईचे, पण आईला न सांगता. म्हणजे आईला माहीत असतं, फक्त मोबाइल कुठं ठेवलाय ते विचारायचं नाही असं ठरलंय. गिऱ्हाइकाशी बोलताना त्या हळद कशी ओळखायची ते सांगतात, मिरची किती उन्हं दाखवायची ते सांगतात, मध्येच भाजीवाल्याला शिव्या देतात. लोक ते बघतात आणि येतात. लटारूभाऊ आत बसून मिरच्या खुडतात. नाकाला पंचा बांधून.

दिवाळीच्या आधी वडशाहून कंपनीच्या मॅनेजरचा, गुणवंतरावांचा फोन आला. नवीन नाटकात बापाची भूमिका होती. सज्जन बाप. दोन प्रवेश, तेही बाजेवर पडून. गुडघ्यांना त्रास नाही.

लटारूभाऊंनी फोनवर हात ठेवला आणि दुकानात बायकोकडे आले. भागीरथाबाई वजन करत होत्या.

"जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"खलनायक आहे का?"

"नाई. बाप आहे. चांगला."

"तुमाले जमन?"

"पाहातो."

भागीरथाबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं, गिऱ्हाइकाला दिली. "मंग पुढं का होते त्या बापाचं?"

"दुसऱ्या अंकात मरते."

"तं मंग जा," त्या म्हणाल्या. "लवकर मरजा, अन् रात्रीच्या शेवटच्या गाडीनं घरी या."